उठू की नको? कुहीच्या मातीतला प्रश्न

पहिला पाऊस पडला की आपण बाइक काढतो, भजी खातो, फोटो टाकतो. त्याच पावसात जमिनीखाली लाखो बिया एक निर्णय घेत असतात, आणि तो चुकला तर माघार नसते. नागपूरपासून जेमतेम तासाभरावर असलेल्या कुहीत हा निर्णय बघायला गेले, त्याची ही गोष्ट.

सकाळचा अलार्म वाजतो. तुम्ही काय करता? खरं सांगा... स्नूझ! पाच मिनिटं, मग आणखी पाच मिनिटं. मग एकदम धावपळ, नाश्त्याला दांडी आणि मिहानच्या कॅबमागे पळापळ. आपल्याला उठायला उशीर झाला तर फार तर बॉसचा चेहरा बघावा लागतो. बियांचं तसं नाही. लवकर उठली तर ऊन जाळतं, उशिरा उठली तर शेजारचं तण तिची जागा खातं. आणि एकदा उठली की पुन्हा पांघरूण ओढून झोपायची सोय नाही.

म्हणूनच निसर्गानं बऱ्याच बियांना झोप दिली आहे. शास्त्रज्ञ तिला सुप्तावस्था म्हणतात. पोत्यात कोरडी पडून राहिलेली बी काही झोपलेली नसते, ती नुसती पाण्याची वाट बघत असते. पाणी आहे, ऊब आहे, हवा आहे, आणि तरीही जी ‘थांब, अजून नको’ म्हणते, ती खरी झोपलेली!

बॉटनीच्या तासाला हे वाचताना आपण स्वतःच झोपलेलो असतो. त्यामुळे मी ठरवलं, की हे पुस्तकात नाही, शेतात बघायचं. तेही मृग लागल्यावर, पहिली सर पडून गेल्यावर.

दिघोरीच्या पुढे

दिघोरी चौक मागे पडला, की उमरेड रोडला शहर हळूहळू विरत जातं. लॉन, ले-आउटचे बोर्ड, ढाबे... मग कुही फाटा येतो. इथून डावीकडे वळलं, की दोन्ही बाजूंना काळी जमीन. वखरून, भुसभुशीत करून तयार ठेवलेली. नांगरलेल्या जमिनीवर पहिलं पाणी पडल्यावर जो वास येतो, तो अजून कुठल्या परफ्यूमच्या बाटलीत शिरलेला नाही!

कुही हे तालुक्याचं गाव, नागपूरपासून साधारण ४० किलोमीटर. फेमस पिकनिक स्पॉट वगैरे नाही. पण बियांच्या गोष्टीसाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. कारण इथे दोन विदर्भ भेटतात. पश्चिमेकडून कापूस, सोयाबीन आणि तुरीचा मुलूख येतो. पूर्वेला वैनगंगेकडे सरकलं, की धानाच्या बांध्या सुरू होतात. मधे मांढळ-भिवापूरकडची लाल मिरची. प्रत्येक बियाण्याची झोप वेगळी, उठायची तऱ्हा वेगळी.

मी पोचले त्याच्या दोन दिवस आधी एक चांगली सर पडून गेली होती. आभाळ पुन्हा मोकळं झालं होतं. चहाच्या टपरीवर, कृषी केंद्राच्या पायरीवर, एसटीच्या थांब्यावर, सगळीकडे एकच सवाल. ‘पेरलं का?’ आपल्याकडे अप्रेझलच्या महिन्यात कॅन्टीनमध्ये जे वातावरण असतं ना, अगदी तसं. जो तो दुसऱ्याला विचारतोय आणि स्वतःचं काही सांगत नाहीय.

न पेरलेलं पीक

शेतात शिरायच्या आधीच रस्त्याच्या कडेला पहिला नमुना भेटला. मातीतून नुकतीच वर आलेली, दोन-दोन गोल पानांची हिरवी गर्दी. एक मावशी वाकून जरा मोठी झालेली कोवळी रोपं खुडत होत्या.

‘मावशी, हे काय?’

‘तरोटा हाय, पोरी. भाजी होते याची. पहिल्या पान्याची भाजी लय गोड लागते.’

‘कुणी लावला इथे?’

मावशी हसल्या. ‘त्याले कोन लावते? त्याचं तेच उगवते!’

पश्चिम महाराष्ट्रात ज्याला टाकळा म्हणतात, तोच आपला तरोटा. कुणी पेरत नाही, पाणी देत नाही, तरी दरवर्षी पहिल्या पावसाला हजर. याचं रहस्य त्याच्या बीच्या सालीत आहे. ही साल इतकी घट्ट असते, की पाणी आत शिरतच नाही. तुमच्या घरातही हा प्रकार असतो बरं का. आईनं मटकी भिजत घातली, सगळी फुगली, मोडही आले, पण त्यात चार-दोन दाणे दगडासारखे तसेच. दाताखाली आले की कळ जाते. त्यांना आपण गणंग म्हणतो आणि शिव्या घालतो. पण तो दाणा बिघडलेला नसतो. त्याचं दार बंद असतं, एवढंच.

मग तरोट्याचं दार उघडतं कसं? उन्हाळ्यानं! अशा कठीण सालीच्या शेंगवर्गी बियांच्या सालीवर एक बारीकशी कमजोर जागा असते. दिवसा तापायचं, रात्री निवायचं, असं आठवडेच्या आठवडे झालं, की ती जागा सैल होते आणि पाण्याला वाट मिळते. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये तापायची काय कमी? ज्या उन्हाळ्याला आपण एसीत बसून शिव्या देतो, तोच या बियांच्या दाराची किल्ली आहे. हिवाळ्यात अवकाळी पाऊस पडला तरी तरोट्याची बंद बी फसत नाही. आधी उन्हाळा झाला पाहिजे, मग पाऊस. दोन पासवर्ड लागतात म्हणा ना!

आणि गंमत म्हणजे सगळ्या बिया एकाच वर्षी उघडत नाहीत. काही यंदा, काही पुढल्या वर्षी, काही आणखी नंतर. यंदाचा पाऊस दगा देऊन गेला, तरी जमिनीत शिल्लक असतेच. १९६६ मध्ये डॅन कोहेन नावाच्या शास्त्रज्ञानं हे गणितात मांडलं. पावसाचा नेम जितका कमी, तितक्या जास्त बिया मागे ठेवणं फायद्याचं, असा त्याचा हिशेब. सगळे पैसे एकाच शेअरमध्ये टाकू नका, हे तुमचा फायनान्सवाला मित्र सांगतो ना, तरोट्याला ते आधीपासून ठाऊक आहे.

गोणपाटातली परीक्षा

गावाबाहेरच्या एका शेतात एक काका भेटले. साठीच्या आसपासचे, पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा. त्यांनी अजून पेरलं नव्हतं. घराच्या ओसरीत मात्र त्यांची तयारी सुरू होती. ओल्या गोणपाटाची गुंडाळी सोडून त्यांनी माझ्यासमोर पसरली. आत दहा-दहाच्या रांगांमध्ये सोयाबीनचे दाणे. बऱ्याचशा दाण्यांतून पांढरं शेपूट बाहेर आलेलं.

‘मोजून शंभर ठेवले, बाई. सहा दिवस झाले. मोजा तुमीच.’

मोजले. ७८ निघाले.

‘मंग भेव नाई,’ काका म्हणाले. ‘घरचं बी हाय. सत्तरच्या खाली आलं असतं तं बी वाढवा लागलं असतं.’

सत्तरचा आकडा काकांनी मनानं काढलेला नाही. प्रमाणित बियाण्यासाठी देशात जे मापदंड आहेत, त्यात सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के हवी. धानाला ८० टक्के, मिरचीला ६०. म्हणजे शंभरातले तीस सोयाबीन उठलेच नाहीत, तरी बॅग पास! सोयाबीनला एवढी सवलत का? कारण हा दाणा भारी नाजूक. साल पातळ, आणि अंकुराचा भाग त्या सालीच्या अगदी खाली. मळणी यंत्राचा वेग जास्त झाला, बॅग ट्रकमधून धप्पकन टाकली, गोदामात ओल लागली, की आतला जीव दुखावतो. बाहेरून दाणा मात्र छान टणटणीत दिसतो. म्हणून ही गोणपाटाची परीक्षा. कृषी विभागाची माणसंही दरवर्षी मे महिन्यात हेच कानीकपाळी ओरडून सांगतात. आणि सोयाबीनचं परागीकरण त्याच्या स्वतःच्याच फुलात होत असल्यामुळे घरचं बियाणं जपून ठेवून वापरता येतं. मात्र परीक्षा घेऊनच.

मी एक मोड आलेला दाणा हातात घेतला. शेपूट मुळाचं. आधी नेहमी मूळच बाहेर येतं, पान नंतर. आधी पाण्याची सोय, मग उजेडाची. नवीन शहरात नोकरी लागली की आपण आधी रूम शोधतो आणि मग पार्ट्या, तसंच काहीसं!

परतीचं तिकीट नाही

आता बीच्या आत काय चालतं ते बघू. फार केमिस्ट्री नाही, घाबरू नका.

पहिला टप्पा, फुगणं. कोरडी बी स्पंजसारखी पाणी ओढते. सोयाबीनला उगवायला आपल्या वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणी लागतं. इथे एक गोष्ट ऐकून मी चाट पडले. मेलेली बीसुद्धा फुगते! कारण हे नुसतं भौतिकशास्त्र आहे, त्यात जिवंतपणाचा काही संबंध नाही. म्हणजे भिजलं, फुगलं, एवढ्यानं काही सिद्ध होत नाही.

दुसरा टप्पा शांततेचा. पाणी ओढणं थांबतं. वरून बघितलं तर काहीच घडत नाही. आत मात्र दुरुस्तीचं काम जोरात असतं. साठवणीच्या काळात पेशींची आणि डीएनएची जी मोडतोड झाली ती सांधायची, श्वसन पूर्ण सुरू करायचं, कोठार उघडायची तयारी करायची. इथे दोन रसायनांची रस्सीखेच असते. ॲब्सिसिक ॲसिड म्हणजे ब्रेक, जिबरेलिन म्हणजे ॲक्सिलरेटर. झोपलेल्या बीत ब्रेक दाबलेला असतो. तो सुटला आणि ॲक्सिलरेटर दाबला गेला, की बी जागी होते.

या जिबरेलिनचा शोध धानातूनच लागला. धानाच्या एका रोगात रोपं वेड्यासारखी उंच वाढतात आणि कोलमडतात. त्या वेळी जपानच्या ताब्यात असलेल्या तैवानात एइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवलं, की ही करामत एका बुरशीनं सोडलेल्या द्रव्याची आहे. पुढे कळलं, की तेच रसायन वनस्पती स्वतःही बनवतात. धान किंवा जवाच्या दाण्यातला अंकुर जिबरेलिन सोडतो, त्या निरोपावर दाण्याच्या कडेचा थर विकरं तयार करतो, आणि ती विकरं पिठाची साखर करतात. बाळाचा डबा तयार! तुमच्या वीकेण्डच्या बिअरमधलं माल्ट म्हणजे हेच. जवाला मोड आणायचे, पिठाची साखर करणारी विकरं तयार झाली की वाळवून मधेच थांबवायचं.

आणि तिसरा टप्पा, मूळ बाहेर. खरा खेळ इथे आहे. मूळ बाहेर यायच्या आधी बी पुन्हा वाळली, तरी बहुतेक वेळा ती तगते. पुढच्या पावसाला परत प्रयत्न करू शकते. पण मूळ एकदा बाहेर आलं, की वाळणं सोसायची ताकद ती गमावते. मग वरचं पाणी तुटलं, माती तापली, तर संपलं. परतीचं तिकीट नाही.

मी काकांना विचारलं, ‘एवढी चांगली सर पडली, मग पेरलं का नाही?’

‘पहिलं पानी फसवं रायते, बाई,’ ते म्हणाले. जमीन उकरून त्यांनी दाखवली. वरची बोटभर माती ओली, खाली भुकटी. ‘दाना फुगंल, मोड काढंल अन् खाली पानीच नाई. मंग दुबार.’

दुबार पेरणी! शहरात पेपरमध्ये आतल्या पानावर एक कॉलम असतो, ‘दुबार पेरणीचं संकट’. आपण पान उलटतो. इथे त्या शब्दाचा अर्थ असा, की पुन्हा बॅग, पुन्हा खत, पुन्हा ट्रॅक्टरचं भाडं, पुन्हा मजुरी, आणि हंगामातले दोन-तीन आठवडे गेले ते गेलेच. म्हणून कृषी विभाग सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. काकांकडे पर्जन्यमापक नव्हता, पण बोटं होती. शेजारच्या शेतात मात्र ट्रॅक्टर फिरून गेला होता. ‘त्यानं लावली बाजी,’ काका एवढंच म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. कदाचित आठ दिवसांनी ती बाजी लागलेलीही असेल. आधी पेरलेलं साधलं तर पीक पुढे असतं, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

झोप कुणी विकली?

परत येताना माझ्या डोक्यात तरोटाच घोळत होता. एकच सर, एकच माती. रस्त्याकडेचा तरोटा आपल्या काही बिया उठवतो, बाकीच्या राखून ठेवतो. दहा फुटांवर शेतात पेरलेलं सोयाबीन मात्र झाडून सगळं एकदम उठतं. सोयाबीनला ही अक्कल का नाही?

उत्तर असं, की होती. आपण काढून घेतली.

सोयाबीनचा जंगली पूर्वज चीन-जपानकडे आजही उगवतो. त्याची बी काळी, बारीक आणि कठीण सालीची. तरोट्यासारखीच पाण्याला दाद न देणारी. हजारो वर्षांपूर्वी माणसानं ती पेरायला घेतली. ज्या बिया लगेच उगवल्या, त्यांचं पीक हाती आलं. ज्या झोपून राहिल्या, त्या कापणीतून सुटल्या. पुढच्या वर्षी पेरायला उरल्या त्या लवकर उठणाऱ्यांच्याच लेकी. कुणी ठरवून केलं नाही, पण दरवर्षीच्या पेरणी-कापणीनं झोपाळू बिया गाळल्या गेल्या. गहू, धान, डाळी, थोड्याफार फरकानं सगळ्यांची हीच कथा. शेतकऱ्याला हवं होतं एकसाथ उगवणारं, एकसाथ पिकणारं शेत. ते मिळालं.

किंमत? विमा गेला. खोट्या पावसाची जोखीम आधी बी स्वतः उचलत होती, आता ती शेतकरी उचलतो. बी विचार करत नाही, म्हणून काकांना ओसरीत बसून करावा लागतो. उठू की नको, हा प्रश्न तसाच राहिला. फक्त तो विचारणारा बदलला.

ही जोखीम केवढी असते, ते २०२० मध्ये दिसलं. त्या जूनमध्ये राज्यभरातून तक्रारी आल्या, की पेरलेलं सोयाबीन उगवलंच नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. मागे वळून बघितलं तर धागा आदल्या वर्षीपर्यंत जातो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढणीच्या तोंडावर पाऊस झाला, सोयाबीन शेतातच भिजलं. काही ठिकाणी तर शेंगेतच दाण्याला मोड आले. बियाण्यासाठी राखलेल्या मालालाही तो पाऊस लागला होता.

शेंगेत मोड! ही झोप काढून घेतल्याची दुसरी शिक्षा. धानाचंही तसंच. काही वाणांच्या दाण्यांना काढणीनंतर काही आठवडे झोप असते. तेवढ्यात अवकाळी आला तरी लोंबीतला धान उगवत नाही. ज्यांना ही झोप अजिबातच नाही, त्यांना ओल्या लोंबीवरच कोंब फुटतात. म्हणून धानाची पैदास करणारे शास्त्रज्ञ आता मुद्दाम थोडी झोप ठेवायला बघतात. कापणीच्या वेळी गाढ आणि पेरणीच्या वेळी शून्य. हे जमवणं म्हणजे रात्रभर गाढ झोपून सकाळी अलार्मशिवाय उठणं. जमतं का तुम्हाला?

पऱ्हे म्हणजे नवा विमा

मांढळच्या पुढे, धानाच्या पट्ट्यात, शेतकऱ्यांनी या प्रश्नावर काढलेलं एक जुनं उत्तर बघायला मिळालं. मोठ्या बांधीच्या एका कोपऱ्यात, विहिरीजवळ, एक छोटासा तुकडा तयार होत होता. इथे पऱ्हे टाकायचे. तिथे एक ताई प्लास्टिकच्या टबात मीठ विरघळवत होत्या. १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ. त्यात धान सोडायचा. पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. भरलेले दाणे तळाशी बसतात, ते धुऊन, सावलीत सुकवून पेरायचे.

‘एवढ्याशा जागेत टाकून काय होतं?’ मी विचारलं.

‘एवढ्याले विहिरीचं पानी पुरते, ताई. पाऊस थांबला तं रोवनी थांबवा येते. पऱ्हे काई मरत नाई.’

बघा, किती सोपं! बीची झोप गेली, तर माणसानं तिच्या जागी छोटी नर्सरी आणली. जोखीम एकरभर पसरायच्या ऐवजी चार वाफ्यांत ठेवायची, आणि पावसाचा भरवसा वाटला की रोवणी. इकडची मिरचीही अशीच आधी गादीवाफ्यावर वाढते. तिला उगवायलाच आठ-दहा दिवस लागतात, तेवढे दिवस पूर्ण शेत ओलं ठेवणं कुणाला परवडणार? तसं मिरचीच्या बीचं निसर्गातलं गणित आणखी भन्नाट आहे. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही. २००१ मध्ये अमेरिकेत रानमिरचीवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की पक्ष्याच्या पोटातून गेलेल्या बिया उगवतात, उंदरासारख्या प्राण्यांनी खाल्लेल्या उगवत नाहीत. म्हणजे आपल्या जिभेची जी आग होते, ती मुळात आपल्यासारख्यांना पळवून लावण्यासाठीच! भिवापुरी मिरचीचा रस्सा ओरपताना लक्षात ठेवा.

सोयाबीन आणि कापसाला मात्र ही नर्सरीची सोय नाही. ते थेट शेतातच टोकायचे किंवा पेरायचे. म्हणून मृगाच्या पहिल्या आठवड्यात धानवाल्या ताई निवांत होत्या आणि सोयाबीनवाले काका दर तासाला आभाळाकडे बघत होते.

अडमचे काळे दाणे

कुही तालुक्यात बियांचा एक फार जुना पत्ताही आहे. अडम. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं अमरेंद्र नाथ यांच्या नेतृत्वाखाली १९८८ ते १९९२ या काळात इथे उत्खनन केलं. मध्याश्मयुगापासून सातवाहन काळापर्यंतचे वस्तीचे थर मिळाले. आणि त्या थरांत मिळाले जळून कोळसा झालेले दाणे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे एम. डी. काजळे यांनी अडमच्या वनस्पती अवशेषांवर केलेला अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे दाणे टिकले कसे, हा विचार केला की मजा वाटते. जे चांगले होते ते खाल्ले गेले किंवा उगवले. जे ओले झाले ते कुजले. टिकले ते चुलीत किंवा आगीत जळालेले, म्हणजे बी म्हणून संपलेले. पुरातत्त्ववाल्यांच्या हाती नेहमी पेरणी हुकलेलेच दाणे लागतात. त्यांना आता कितीही पाणी घाला, काही होणार नाही.

पण जगात काही बिया खरोखर इतकं थांबल्यात. इस्राएलमधल्या मसादा किल्ल्यात सापडलेली खजुराची सुमारे दोन हजार वर्षं जुनी बी २००५ मध्ये लावली, आणि ती उगवली. अमेरिकेत मिशिगनला विल्यम बील या प्राध्यापकानं १८७९ मध्ये तणांच्या बिया बाटल्यांमध्ये भरून पुरल्या होत्या. त्यातली एक बाटली २०२१ मध्ये काढली, तेव्हा १४२ वर्षांनंतरही त्यातल्या काही बियांना कोंब आले. तणांच्या बिया, हं! पिकाच्या नाही. शेतात वखर फिरला, की खाली दडलेल्या अशा कित्येक बिया क्षणभर उजेड बघतात आणि तेवढ्या इशाऱ्यावर उठतात. हुशार शेतकरी याचाच फायदा घेतात. आधी तण उठू देतात, मग पुन्हा एक वखराची पाळी देऊन ते मोडतात आणि मगच पेरतात.

दुसरं टोक म्हणजे मोह. त्याची बी पावसाच्या तोंडावर पडते आणि लगेच रुजते. ठेवून दिली तर लवकरच मरते. तिला झोप माहीतच नाही. तरीही तिचं बरं चाललंय, कारण ती पडतेच वेळेवर. झोप चांगली की जाग चांगली, असा काही नियम नाही. तुमच्या भागातला पाऊस किती भरवशाचा, यावर सगळं.

आणि भरवसा हीच गोष्ट कमी होत चाललीय. पहिली सर आणि खरा पाऊस यांच्यातलं अंतर कधी चार दिवसांचं, कधी तीन आठवड्यांचं. मोबाइलवर अंदाज येतो, पण तो जिल्ह्याचा असतो, धुऱ्याच्या अलीकडचा नसतो.

निघताना काकांना विचारलं, ‘मग कधी पेरणार?’

‘वीतभर ओल गेली का पेरतो,’ ते म्हणाले. ‘तवर बी घरात झोपू द्या.’

सोयाबीनच्या दाण्याकडे आता स्वतःची झोप नाही. काकांच्या ओसरीतलं ते कोरडं पोतं हीच त्याची झोप आहे, आणि ती कधी मोडायची हे एक माणूस बोटानं माती उकरून ठरवतो. पुढच्या वेळी पेपरात ‘पेरण्या खोळंबल्या’ ही बातमी दिसली, तर शेतकरी हात बांधून बसलाय असं समजू नका. तो दाण्याच्या वतीनं थांबलेला असतो.

कसं जाल?

नागपूरहून दिघोरी चौक, उमरेड रोड, कुही फाटा आणि डावीकडे कुही. बाइकनं तासभर. एसटीही आहे. जूनचा दुसरा-तिसरा आठवडा बियांसाठी, जुलै-ऑगस्ट धानाच्या रोवणीसाठी. वेळ असेल तर तसंच पुढे वैनगंगेकाठी आंभोऱ्याला जा. चैतन्येश्वराचं मंदिर आहे, परंपरेनं मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’शी जोडलेली ही जागा. २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेल्या केबल पुलावरून गोसीखुर्दचं पसरलेलं पाणीही दिसतं. शेतात शिरताना धुऱ्यावरून चाला, पेरलेल्या वावरात पाय टाकू नका. आणि रस्त्याकडे कुणी तरोटा विकत असेल, तर एक जुडी जरूर घ्या. लसूण-मिरचीची फोडणी आणि सोबत गरम भाकर. बस्स!